कोपऱ्यातला खांब

नाशिक, २ नोव्हेंबर २०२५

दादा,

काय घडलं ते क्रमानं लिहिते.

१. चार वर्षांपूर्वी दिंडोरी रोडच्या आपल्या फ्लॅटच्या बाल्कनीचं लोखंडी रेलिंग गंजलं म्हणून बदललं. तुला स्टेनलेस स्टील हवं होतं. मी अ‍ॅल्युमिनियम सुचवलं. काम सुनील मिस्त्रीनं केलं.

२. पुढच्या वर्षी तू रॉटरडॅमहून सुट्टीवर आलास. आपल्या मळ्यातून द्राक्षाची काडी आणून अर्ध्या ड्रममध्ये लावलीस आणि ड्रम बाल्कनीच्या कोपऱ्यात ठेवलास. वेल रेलिंगवर चढवला.

३. यंदा ११ सप्टेंबरला सकाळी आई भाजीवाल्या नवसाबाईशी बोलायला कोपऱ्यात वाकली. कोपऱ्यातला खांब मोडला. आई पहिल्या मजल्यावरून खाली स्कूटरच्या शेडवर पडली. मांडीचं हाड आणि मनगट मोडलं.

४. अण्णा घरात होते. मी अंबडला, लॅबमध्ये.

५. त्याच संध्याकाळी मी आईचे कपडे न्यायला घरी आले. बाल्कनीत वेल नव्हता. ड्रमही नव्हता. कोपरा घासून धुतलेला होता.

६. तू आलास. आल्याच्या दुसऱ्या दिवशी पोलिसांत सुनीलविरुद्ध तक्रार अर्ज दिलास: हलका माल लावला, निष्काळजीपणा केला.

७. तू परत गेलास. अर्ज तसाच आहे. सुनीलला दर आठवड्याला ठाण्यात बोलावून बसवून ठेवतात.

फोनवर आपण दोनदा बोललो आणि दोन्ही वेळा तू फोन आपटलास, म्हणून लिहिते. लिहिलेलं आपटता येत नाही.

तू म्हणालास, "तुझ्या अ‍ॅल्युमिनियमनं आईला पाडलं." त्याचं उत्तर.

आपली बिल्डिंग जुनी आहे आणि बाल्कनी भिंतीच्या बाहेर लोंबती आहे. तिच्यावर वजन जितकं कमी तितकं बरं. अ‍ॅल्युमिनियमचं वजन स्टीलच्या साधारण एक तृतीयांश. ते स्टीलपेक्षा कमजोर असतं, म्हणून जाड घ्यावं लागतं. मी जाड घेतलं आणि लावण्याआधी मोजलं. नाशिकला समुद्र नाही, खारी हवा नाही, त्यामुळे ते झिजायचं कारण नव्हतं. तू पसंत केलेल्या दुकानातल्या स्टीलचा तुकडा मी तेव्हाच लॅबमध्ये तपासला होता. दुकानदार चांगलं ३०४ म्हणत होता, निघालं हलकं २०२. ते दोन पावसाळ्यांत तांबडे ठिपके धरतं. चांगलं स्टील मिळालं असतं तर मी स्टीलला हरकत घेतली नसती. हे सगळं मी तुला तेव्हाही समजावलं होतं. तू म्हणाला होतास, "कर तुला काय करायचंय ते."

आता सुनीलचं. बाकीचे सगळे खांब मी दोर लावून, दोन माणसांकडून ओढून पाहिले. एकही हलला नाही. बोल्ट स्लॅबमध्ये घट्ट आहेत. मोडला तो एकच खांब, कोपऱ्यातला. तोही बोल्टपाशी नाही, त्याच्या थोडा वर, बुडाला शोभेची टोपी बसवतात तिच्या आत. बसवण्यात चूक असती तर तो उपटला असता. तो उपटला नाही, मोडला. का मोडला ते मी शोधते आहे.

सुनीलची बायको मोहिनी परवा आईला बघायला आली होती. आईजवळ हसून बोलली. जिन्यात मला म्हणाली, "ताई, ज्या सोसायटीत जातो तिथं आधीच कळलेलं असतं. पाडणारा मिस्त्री आला म्हणतात. परवा एकानं त्यांना साधी शिडी लावू दिली नाही."

मला दोन गोष्टी हव्या आहेत. अर्ज मागे घे. आणि मुद्दा ५ बद्दल तुला काही ठाऊक असेल तर सांग.

स्नेहल

०

रॉटरडॅम, ५ नोव्हेंबर

स्नेहल,

पत्र कसलं पाठवलंस, पंचनामा पाठवलास. सख्ख्या भावाला असे आकडे घालून कोण लिहितं गं? "मुद्दा ५". आई म्हणजे तुझ्यासाठी मुद्दा ३ झाली का?

मी इथे कंटेनरांच्या मागे पळतोय आणि डोळ्यांसमोर सारखी आई दिसते, त्या स्कूटरच्या शेडवर आडवी. तुला काय दिसतं, तर खांबाची जाडी. तुझं शिक्षण करायला अण्णांनी कधी मागेपुढे पाहिलं नाही, त्याचं फळ हे, की घरात कुणी पडलं तर तू आधी टेप घेऊन धावणार.

तुझं एक तृतीयांश वगैरे मला शिकवू नकोस. आपल्या गावात ग्रामपंचायतीसमोर स्टीलचं रेलिंग आहे. त्याच्यावर बसून बसून तीन पिढ्यांच्या विजारी फाटल्या, ते वाकलं नाही. अ‍ॅल्युमिनियम म्हणजे डब्याचा माल. त्याच्यात पोळी-भाजी ठेवावी, आईचा जीव नाही. मी स्टील म्हणत होतो. सगळ्यांसमोर म्हणत होतो. तूच आम्हाला गप्प केलंस, कारण तू इंजिनिअर आणि आम्ही द्राक्षवाले.

आणि त्या सुनीलचा तुला इतका पुळका का, हेही एकदा सांग. तुझ्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये होता म्हणून? घरच्यांपेक्षा तो जवळचा?

वेलाचं म्हणशील तर अण्णांनी रागाच्या भरात उपटला. बायको हॉस्पिटलात असताना माणूस वेलाला पाणी घालत बसेल का? झालं समाधान? त्यांना मात्र याबद्दल एक शब्द विचारू नकोस. त्यांचं बीपी ठीक नाही. मी रोज फोन करतो, मला कळतं.

अर्ज मागे घेणार नाही. आईला कुणी पाडलं याचं उत्तर कुणीतरी दिलंच पाहिजे.

दादा

०

नाशिक, १६ नोव्हेंबर

दादा,

सुनीलच्या "पुळक्या"चं उत्तर मी देणार नाही. ते वाक्य तू परत वाचावंस एवढंच म्हणते.

खांबाचा राहिलेला बुंधा मी काढून लॅबमध्ये नेला आणि उभा कापला. टोपीच्या आत, जिथे बाहेरून काही दिसत नाही, तिथे पत्रा चाळणीसारखा झाला आहे. काही ठिकाणी नखानं तुटतो. आत निळसर-हिरवा गाळ साठला होता. तपासला. तांबं आणि चुना.

बाल्कनीत तांबं कुठून आलं हे तुला समजावायला नको. मोरचूद आणि चुना. बोर्डो, अण्णा वेलावर फवारायचे ते.

अ‍ॅल्युमिनियमवर हवेत आपोआप एक पातळ थर येतो आणि तोच त्याला जपतो. तांब्याचं पाणी तो थर टिकू देत नाही. तांबं बसतं तिथे भोकं पडत जातात. चुन्याचं पाणी त्यात भर घालतं. वेल तारेनं बांधलेला होता, तार घासून खांबाचा रंग गेला होता. प्रत्येक फवारणीचं पाणी खांबावरून ओघळलं, टोपीत साचलं, पाऊस आला की पुन्हा भिजलं. तीन वर्षं. बाकीच्या खांबांवर वेल नव्हता. ते शाबूत आहेत.

बोर्डो धातूच्या भांड्यात कालवायचं नाही, प्लास्टिकच्या ड्रममध्येच कालवायचं, हे आपल्या घरात शाळेत जाण्याआधी शिकवलं जातं. अण्णांनी बोर्डो प्लास्टिकच्या बादलीतच कालवलं असणार, मला खात्री आहे. नियम भांड्याचा होता. रेलिंगला कुणी भांडं समजलं नाही.

आता तुला सोयीचं एक वाक्य लिहिते, कारण ते खरं आहे. ३०४ स्टील असतं तर ते बहुधा टिकलं असतं. पण रेलिंग निवडलं तेव्हा वेल नव्हता. वेल नंतर आला, आणि तो मी आणला नाही. सुनीलची चूक एकच: टोपीला पाणी निघायला भोक ठेवायला हवं होतं. हे मी त्याला तोंडावर सांगितलं आहे. त्यानं मान्य केलं. पण हलका माल, निष्काळजीपणा, हे तुझ्या अर्जातलं खोटं आहे.

आता मुद्दा ५. तू लिहिलंस, अण्णांनी रागानं उपटला. रागानं वेल उपटणारा माणूस मातीचा ड्रम जिन्यातून खाली नेत नाही आणि कोपरा साबणानं घासत नाही. अण्णांना गुडघ्यामुळे पाण्याची कळशी उचलवत नाही. मी वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, ड्रम त्यानंच खाली नेला, अण्णा शेजारी उभे राहून फोनवर बोलत होते. काय बोलत होते, विचारलं. "काय नाय ताई, नुसतं हो योगेश, हो योगेश."

आई तेव्हा ऑपरेशनच्या टेबलावर होती.

मला खरं लिही.

स्नेहल

०

रॉटरडॅम, १८ नोव्हेंबर

स्नेहल,

हो. फोनवर मी होतो.

अण्णांनी तुझ्या आधी मला फोन केला होता. शेजारी आईला गाडीत घालून घेऊन गेल्यावर लगेच. रडत होते. मी आयुष्यात त्यांना रडताना ऐकलं नव्हतं, गारपीट झाली तेव्हासुद्धा नाही. मध्येच म्हणाले, "योगेश, खांबाच्या बुडातनं निळं पाणी येतंय रे." मला तेवढ्यात कळलं. तुला लॅब लागली, मला नाही लागली. मी जन्मापासून बोर्डो बघतोय. पंपाच्या लोखंडी नळीचं काय होतं तेही बघितलंय.

पण त्यांना कळलं नव्हतं. किंवा कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं. मी म्हणालो, अण्णा, त्याचा काही संबंध नाही, सुनीलचा माल हलका आहे, तुम्ही आधी तो ड्रम हलवा, लोक काहीही बोलतील. ते म्हणाले, "असं का?" मी म्हणालो, असंच. त्यांनी मानलं. मला वाटतं, त्यांना कुणीतरी असं सांगायलाच हवं होतं.

मग कुणाचं तरी नाव द्यावं लागलं. अर्ज दिला नसता तर त्यांनी विचारलं असतं, तो मिस्त्री मोकळा कसा?

आता तू न्याय करायला बसलीस. कर. काडी मी आणली. व्हिडिओ कॉलवर पानावर डाग दिसला की मीच म्हणायचो, अण्णा, डाऊनी येतोय, मारा फवाऱ्याचा अजून एक हात. मळा वाट्यानं दिल्यापासून ते तासन्‌तास भिंतीकडे बघत बसायचे, तुला आठवत असेल. वेल आल्यावर माणसात आले. म्हणून आणली काडी. आईला पाडायला नाही आणली.

तुला बाप जिवंत हवा की तुझा रिपोर्ट खरा हवा? एवढ्या वर्षांच्या बायकोला आपणच खाली ढकललं, हे कळलं तर ते अंथरुणातून उठणार नाहीत. सुनील तरुण आहे. हातात कला आहे. नाशिक नाही तर ओझर, ओझर नाही तर मालेगाव, कुठंही पोट भरेल. अण्णांना दुसरं गाव नाही.

इंजिनिअर म्हणून नाही, धाकटी बहीण म्हणून तुला हात जोडून सांगतो. रिपोर्ट फाड. हा विषय इथंच बंद कर.

योगेश

०

रॉटरडॅम, २४ नोव्हेंबर

स्नेहल, उत्तर नाही. फोन उचलत नाहीस. अण्णाही दोन दिवस फोनवर "बरंय" म्हणून ठेवतात. तू त्यांना सांगितलंस का? सांगितलं असशील तर याद राख. निदान एवढं तरी लिही.

०

नाशिक, ३० नोव्हेंबर

दादा,

मी अण्णांना सांगितलं नाही.

तुझं १८ तारखेचं पत्र वाचल्यावर मी रिपोर्ट फाइलमध्ये ठेवला आणि सांगायचं नाही असंच ठरवलं होतं. सुनीलला सोडवायचा दुसरा मार्ग शोधत होते. तू मला वाईट समजतोस, म्हणून हे लिहिते. याहून जास्त नाही.

शुक्रवारी, २१ तारखेला, पोलीस ठाण्यातून एक हवालदार अण्णांचा जबाब घ्यायला घरी आला. चांगला माणूस होता. आईची चौकशी केली, चहा घेतला. मग विचारलं, रेलिंगला काही बांधलं होतं का, जवळ काही ठेवलं होतं का? अण्णा म्हणाले, "नाही. काही नव्हतं." हवालदारानं लिहून घेतलं, सही घेतली आणि जाता जाता म्हणाला, म्हणजे मग मिस्त्रीचीच चूक. अण्णांनी मान हलवली.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी आईला वॉकर धरून चालवत होते. तिला कॉटवर बसवलं तेव्हा अण्णा दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "कुसा, तुला मीच पाडलं."

आईनं वॉकर बाजूला सरकवला. मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही. मग ती म्हणाली, "ठाऊक हाय मला. तुमचं निळं पाणी रोज मीच पुसायची ना? त्या खांबाच्या बुडाचा पापुद्रा माझ्या फडक्याला यायचा."

"मग बोलली का नाहीस?"

"आधी म्हणलं रंग निघतोय. पडल्यावर म्हणलं, तुम्हाला ठाऊक नसलं तर कशाला सांगू."

अण्णा खाली बसले आणि रडायला लागले. आई म्हणाली, "पडले मी, अन रडता तुम्ही? त्या पोराचं काय ते बघा आधी. त्याची बायको मला बघायला आली, मला तिच्याकडं बघवंना."

"योगेश म्हणला, गप बसा."

"योगेशला तिकडं बसून काय जातंय?"

हे शब्द आईचे आहेत. मी एकही वाढवलेला नाही.

अण्णा उठणार नाहीत असं तू लिहिलं होतंस. ते उठले. तोंड धुतलं, जेवले. मला म्हणाले, "तुझा तो कागद आण." मी रिपोर्ट वाचून दाखवला. त्यांनी मध्ये एकच प्रश्न विचारला, भोकं पडायला किती दिवस लागले असतील. मी म्हणाले, पहिल्या पावसाळ्यापासून सुरुवात झाली असेल. ते म्हणाले, "म्हणजे पहिल्यांदा घड लागले, मी सोसायटीत वाटत फिरलो, तेव्हा खाली हे चाललं होतं."

आता माझं.

तुम्हा तिघांना ठाऊक होतं. तुला पहिल्या दिवशी, आईला पडल्यापासून, अण्णांना त्यांनी मानलं त्याहून बरंच आधी. तू अण्णांना जपत होतास, आई अण्णांना जपत होती, अण्णा तुझा शब्द जपत होते. मी आईवर रागावलेली नाही, कारण ती औषधांच्या गुंगीत होती आणि अर्ज तिनं दिला नाही. अण्णांवर रागावले आहे आणि ते मी त्यांना सांगितलं आहे. तुझ्यावर जो राग आहे तो वेगळा आहे. तू काडी आणलीस, फवारायला सांगितलंस, याचा मला राग नाही. ते कुणाच्याही हातून झालं असतं. पण तू विमानात बसून सात समुद्र ओलांडून आलास, आईच्या कॉटशेजारी एक दिवस बसलास, आणि मग सगळं ठाऊक असताना, शांत डोक्यानं, दुसऱ्या माणसाचं नाव लिहून दिलंस. ते नाव का निवडलंस हेही मला कळतं. तो आपल्या नात्यातला नाही, त्याच्यामागे कुणी नाही, आणि तो उलटून बोलणार नाही.

तू लिहिलंस, ओझर आहे, मालेगाव आहे. सुनील ओझरलाच जातो आता, दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये रोजावर. स्वतःच्या दुकानाचं शटर मोहिनीनं ओढून घेतलं. त्याला कला आहे हे तुझं म्हणणं बरोबर आहे. ज्याच्याकडे तो कामाला आहे, तो त्याला वेल्डिंगला हात लावू देत नाही. ग्राइंडिंग देतो. त्यानंही ऐकलेलं आहे.

मी त्याच्याकडे जाऊन आले. खांब का मोडला ते सांगितलं. कुणामुळे, तेही सांगितलं. तो म्हणाला, "ताई, मी अडीच महिने रोज मनात तो खांब परत परत बसवतोय. कुठं चुकलो ते सापडत नव्हतं." तो ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

बाल्कनीला सध्या बांबू बांधून घेतले आहेत. नवीन रेलिंग स्टीलचं करायचं की अ‍ॅल्युमिनियमचं, हे अण्णांनी काल विचारलं. मी म्हणाले, पुन्हा वेल लावणार असाल तर स्टील, नसाल तर दोन्ही चालेल. ते म्हणाले, विचार करतो. आई आतून म्हणाली, लावायचा तर गच्चीवर लावा.

पुढे काय होणार ते असं. सोमवारी, ८ डिसेंबरला, अण्णा आणि मी ठाण्यात जाऊ. ते आपला जबाब बदलून देणार आहेत. मी म्हणाले, मी लिहून देते, तुम्ही फक्त सही करा. ते म्हणाले, "मला बोलता येतं." मी सोबत रिपोर्ट जोडणार आहे, टोपीच्या भोकासकट, काही न गाळता.

पण अर्ज तुझ्या नावानं आहे. तो तुलाच मागे घ्यावा लागेल. मजकूर सोबत पाठवला आहे. त्यात तीन वाक्यं आहेत: अर्जातला आरोप चुकीचा होता, सुनीलच्या कामामुळे अपघात झालेला नाही, मी अर्ज मागे घेत आहे. अण्णांचं नाव त्यात नाही. फोनचा उल्लेखही नाही. तू सही करून पाठवलीस तर माझ्या जबाबातही फोनचा उल्लेख नसेल. नाही पाठवलीस तर ड्रम कुणाच्या सांगण्यावरून हलवला हे अण्णांना विचारलं जाईल, आणि ते आता खोटं बोलणार नाहीत. ही धमकी नाही. काय होईल ते तुला आधी कळावं म्हणून लिहिलं.

चौथं वाक्य मी लिहिलेलं नाही. सुनीलची माफी मागायची की नाही, ते तुझं तू ठरव. त्याचा नंबर तुझ्याकडे आहे, अर्जात तूच लिहून दिला होतास.

सही करतो आहेस की नाही, एवढंच मला शुक्रवारी, ५ डिसेंबरला संध्याकाळपर्यंत कळव.

स्नेहल